मोडीत गेलेले विष पुन्हा स्वयंपाकघरात

जुने देऊन नवे घेण्याची आपली रीत चांगलीच आहे. पण जुन्या वस्तूत काय काय होते, याचा हिशेब कोणीच ठेवला नाही तर?

२००६ सालचा फेब्रुवारी महिना. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात चार वर्षांच्या एका मुलाला उलट्या होऊ लागल्या. आईने त्याला इस्पितळात नेले. पोटाचा साधा संसर्ग असावा, असे वाटून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवले. दोन दिवसांनी ते मूल पुन्हा इस्पितळात आले, तेव्हा पोटात दुखत होते आणि ते अगदी मलूल झाले होते. काही तासांतच त्याचा श्वास बंद पडला. मेंदूला सूज आली. क्ष-किरण तपासणीत त्याच्या जठरात बदामाच्या आकाराची एक वस्तू दिसली. इस्पितळात दाखल झाल्याच्या चौथ्या दिवशी मूल दगावले.

ती वस्तू म्हणजे हातातल्या साखळीचे छोटेसे पदक होते. एका नामांकित कंपनीच्या बुटांबरोबर ती साखळी भेट म्हणून मिळत असे. गंमत म्हणजे, गंमत कसली, दैवच म्हणायचे, ते पदक त्या मुलाच्या घरचे नव्हतेच. ज्या घरी तो खेळायला गेला होता, तिथल्या मुलाच्या बुटांबरोबर ते आले होते. तपासणीत त्या पदकात ९९ टक्के शिसे निघाले. मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १८० मायक्रोग्रॅम शिसे होते. हे प्रमाण पाचवर गेले तरी शिसे कुठून येते आहे ते शोधून काढा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यावरून १८० या आकड्याचा अर्थ कळावा. पुढे कंपनीने तीन लाख साखळ्या परत मागवल्या.

बातमी इथे संपली. पण एक प्रश्न उरलाच. जवळजवळ शुद्ध शिशाचे दागिने करण्याची बुद्धी कोणाला आणि का झाली?

शिशाचीही कुंडली असते

ओहायो राज्यातील ॲशलंड विद्यापीठात जेफ्री वाइडेनहामर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने बाजारातले स्वस्त दागिने विकत आणले आणि त्यांतील शिशाबरोबर आणखी काय काय आहे ते तपासले. काही दागिन्यांत शिशाच्या जोडीला अँटिमनी हा धातू सापडला. शिसे मऊ असते. मोटारीच्या बॅटरीतील जाळी ताठ राहावी म्हणून त्यात अँटिमनी मिसळण्याची पद्धत होती. दुसऱ्या काही दागिन्यांत शिसे, कथील आणि तांबे असे त्रिकूट होते, म्हणजे रेडिओ-कॉम्प्युटरच्या आतले भाग जोडताना जे डाग देतात, त्याचीच ही खूण. २००७ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकामी बॅटऱ्या आणि जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे वितळवून निघालेल्या धातूतून लहान मुलींच्या गळ्यातली पदके बनत असावीत, असा त्यांचा अर्थ होता.

इतके सगळे घडले ते कोणाच्या दुष्टपणातून नव्हे. कोणीतरी भंगार विकले, कोणीतरी ते वितळवले, कोणीतरी ती वीट स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. प्रत्येकाने वजन पाहिले आणि भाव पाहिला. आत काय आहे, हे सांगणारी चिठ्ठी त्या विटेबरोबर नव्हती.

पुनर्वापराला हल्ली ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. वस्तू वापरून फेकायची नाही, तिच्यातला माल पुन्हा कामाला लावायचा, म्हणजे खाणी कमी खणाव्या लागतील आणि कचऱ्याचे डोंगर वाढणार नाहीत. आपल्याकडे हे नवीन नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, महिन्याच्या महिन्याला येणारा रद्दीवाला, ‘डबा-बाटली’ म्हणून ओरडत जाणारा फेरीवाला, आजीच्या नऊवारी लुगड्यांची झालेली गोधडी, आणि तांब्याच्या दुकानात जुना हंडा मोडीत घालून घेतलेली नवी कळशी! या बाबतीत आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही, असे म्हणायला हरकत नव्हती.

फरक पडला तो वस्तूंत. आजीच्या लुगड्यात सूत होते आणि हंड्यात तांबे. गोधडी शिवणाऱ्याला किंवा हंडा वितळवणाऱ्याला त्यापलीकडे काही जाणून घ्यायची गरज नव्हती. आजच्या एका दूरदर्शन संचाच्या मागच्या झाकणातही प्लॅस्टिक, ते पेटू नये म्हणून घातलेले रसायन, रंग आणि आणखी बरेच काही असते. हे सारे फिरून फिरून परत येते, तेव्हा नुसते प्लॅस्टिक परत येत नाही. त्याचे सगे-सोयरेही बरोबर येतात!

अफगाण मातांचे कुकर

स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. अमेरिकेतील सिएटल शहराच्या परिसरात अफगाणिस्तानातून आलेली अनेक निर्वासित कुटुंबे राहतात. तिथल्या आरोग्य खात्याला एक गोष्ट खटकत होती. या कुटुंबांतील मुलांच्या रक्तात शिसे इतर मुलांच्या मानाने जास्त निघत होते. घरांचा रंग तपासून पाहिला, पण समाधानकारक उत्तर मिळेना. शेवटी त्या बायकांनी मायदेशाहून प्रेमाने बरोबर आणलेली ॲल्युमिनियमची पातेली आणि प्रेशर कुकर तपासायला घेतले.

या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक भांड्यांत शिसे होते. एका भांड्यात तर दर दहा लाख भागांत ६६ हजारांहून अधिक भाग, म्हणजे शंभरातले साडेसहा. पण भांड्यात शिसे असणे एक आणि ते अन्नात उतरणे दुसरे. म्हणून संशोधकांनी स्वयंपाकासारखी परिस्थिती निर्माण करून, आंबट द्राव भांड्यांत तापवून पाहिला. एका प्रेशर कुकरमधून इतके शिसे उतरले की लहान मुलाच्या आहारासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या ते ६५० पट भरले. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांतून मात्र फारच कमी शिसे उतरले.

ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिसे आले कुठून? शुद्ध ॲल्युमिनियममध्ये ते घालण्याचे काहीच कारण नाही. वाइडेनहामर यांनी याआधी आफ्रिकेतील कॅमेरून देशातली भांडी तपासली होती. तिथले कारागीर मोटारीच्या इंजिनाचे भाग, रेडिएटर, कॉम्प्युटरचे सांगाडे, पेयांचे डबे असे हाताला लागेल ते ॲल्युमिनियमचे भंगार एकाच मुशीत वितळवून वाळूच्या साच्यात पातेली ओततात. रेडिएटरला शिशाचा डाग असतो, यंत्रभागांच्या मिश्रधातूत शिसे असते, जुन्या रंगातही असते. ते सगळे पातेल्यात जाते. २०१७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दहा देशांतील ४२ भांड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. एक तृतीयांशाहून अधिक भांड्यांतून शिसे उतरत होते.

यात ॲल्युमिनियमला दोष देण्यात अर्थ नाही. उलट, भंगारापासून ॲल्युमिनियम बनवायला खनिजापासून बनवण्याच्या मानाने सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. पुनर्वापरासाठी याहून चांगला धातू शोधून सापडणार नाही! भंगार निवडून, तपासून वितळवले तर भांडे उत्तम होते. न निवडता वितळवले तर आईच्या हातच्या आमटीतून शिसे मुलाच्या पोटात जाते.

हे सगळे दूर अमेरिकेत आणि आफ्रिकेत चालले आहे, असे समजून पान उलटू नये. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये परदेशातून येणाऱ्या काही भांड्यांविषयी जाहीर इशारा दिला. त्यात ॲल्युमिनियम आणि पितळ यांबरोबर एक नाव होते ते मराठी घरात सर्वांना पाठ असलेले, हिंडालियम! इशाऱ्यात पहिल्यांदा ज्या भांड्याचा उल्लेख झाला, ते भारतात बनलेले होते. म्हणजे घरोघरच्या हिंडालियमच्या सगळ्या कढयांत विष आहे असे मुळीच नाही. नावावरून काहीच कळत नाही, ही खरी अडचण आहे. चोख मिश्रधातूचे भांडे आणि कुठल्याशा गल्लीत भंगार ओतून केलेले भांडे मांडणीवर शेजारी शेजारी बसतात. चकाकी सारखीच.

‘प्युअर अर्थ’ या संस्थेने भारतासह २५ देशांच्या बाजारांतून सुमारे पाच हजार वस्तू घेऊन तपासल्या. धातूच्या भांड्यांपैकी जवळजवळ निम्म्या भांड्यांत शिसे ठरवलेल्या पातळीपेक्षा अधिक आढळले.

पेट्रोल गेले, बॅटरी राहिली

शिशाची भीती इतकी का? हा धातू शरीरात गेला की त्याला कॅल्शियम समजून शरीर हाडांत साठवून ठेवते. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही, मूल चिडचिडे होते. बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही.

बेंगळुरूचे डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनी आयुष्यभर हाच एक विषय लावून धरला. ‘लेडमॅन’ हे टोपणनाव त्यांना त्यावरूनच मिळाले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या पुढाकाराने मुंबईसह देशातील मोठ्या शहरांत रक्ततपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात त्या काळच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसे निघाले. मुख्य संशयित होते शिसेयुक्त पेट्रोल. २००० साली देशभर शिसेरहित पेट्रोल आले आणि हवेतला एक मोठा उगम बंद झाला. प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटले.

पण २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालात भारतातील सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात शिसे पाचच्या वर असल्याचा अंदाज देण्यात आला. पेट्रोल तर केव्हाच गेले. मग हे शिसे कुठले? एक कारण नाही, अनेक आहेत. पण मोठा ओघ बॅटरीचा आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के शिसे बॅटऱ्यांत जाते. मोटार, रिक्षा, स्कूटर, आणि वीज जाते तिथे घरोघरचा इन्व्हर्टर. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे त्यासाठी मोठी भट्टी लागत नाही. कुऱ्हाडीने बॅटरी फोडायची, आम्ल जमिनीवर ओतून द्यायचे, पत्रे कढईत टाकून जाळ करायचा. झाली वीट तयार!

सेनेगलची राजधानी डकारजवळच्या थियारॉये-सुर-मेर या वस्तीत असेच चाले. २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत तिथे १८ मुले एकामागोमाग मरण पावली. बॅटऱ्या फोडलेल्या जागेची माती शिशाने भरलेली होती, आणि ती चाळून शिसे वेचण्याचे काम वस्तीतील बायका करीत होत्या. पोरे तिथेच खेळत होती.

काळ्या उलथन्याची गोष्ट

आता प्लॅस्टिककडे वळू. इथे थोडी गंमतही आहे.

दूरदर्शन संच, कॉम्प्युटर, प्रिंटर यांची आवरणे तापून पेटू नयेत म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक रसायने घालत असत. ही रसायने शरीरात साठून राहतात आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या कामात ढवळाढवळ करतात, असे दिसून आल्यावर स्टॉकहोम कराराखाली २००९ मध्ये त्यांतील काहींवर आणि २०१७ मध्ये आणखी एकावर बंदी आली. भारतानेही २०१८ साली यांपैकी काही रसायनांवर बंदी घातली. पण बंदी नव्या रसायनाला लागू झाली. घरोघर बसलेल्या जुन्या संचांचे काय? ते भंगारात गेले, त्यांचे दाणे झाले. ही आवरणे बहुधा काळी. काळ्या रंगात दुसरा कोणताच रंग मिसळत नाही, त्यामुळे दाण्यांपासून पुन्हा काळ्याच वस्तू झाल्या. शिवाय मोठ्या कारखान्यांत प्लॅस्टिक निवडणारी यंत्रे प्रकाशकिरणांवर चालतात. काळा रंग ते किरण शोषून घेतो, म्हणून काळे प्लॅस्टिक यंत्राला ओळखताच येत नाही.

२०१७ साली आयपेन आणि आर्निका या संस्थांनी २६ देशांतून रंगीत चौकटी फिरवून जुळवायच्या घनाकृती कोड्यांचे आणि तशाच काही वस्तूंचे शंभराहून अधिक नमुने गोळा केले. मुले तासन् तास जे हातात फिरवत बसतात, तेच हे खेळणे. त्यातला आतला सांगाडा काळा असतो. दहापैकी नऊ नमुन्यांत जुन्या दूरदर्शन संचांतली ही रसायने निघाली. खेळणे काही पेट घेत नाही, मग त्यात ज्वालारोधक कशाला? कोणी मुद्दाम घातलेच नव्हते. ते आपसूक आले.

२०२४ मध्ये अमेरिकेतील आणखी एका पाहणीत काळ्या प्लॅस्टिकची उलथनी, डाव, अन्नाचे ट्रे अशा वस्तू तपासण्यात आल्या. निवडून तपासलेल्या २० वस्तूंपैकी १७ मध्ये ज्वालारोधक सापडले. बातमी जगभर गाजली. अनेक बायकांनी उलथनी केराच्या टोपलीत टाकली. मग मॅकगिल विद्यापीठातील ज्यो श्वार्झ यांच्या लक्षात एक साधी चूक आली. साठ किलो वजनाच्या माणसाला रोज किती मात्रा चालेल हे काढताना सात हजार गुणिले साठ म्हणजे चार लाख वीस हजार यायला हवेत, तिथे संशोधकांनी बेचाळीस हजार लिहिले होते. एक शून्य गळाले होते! त्यामुळे उलथन्यातून पोटात जाणारी मात्रा मर्यादेच्या अगदी जवळ वाटत होती. प्रत्यक्षात ती तिच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी होती. डिसेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती छापून आली.

मग घाबरायचे की नाही? घाबरून एका रात्रीत स्वयंपाकघर रिकामे करण्याचे कारण नाही, एवढे खरे. पण रसायन तिथे आहे हा निष्कर्ष शून्य गळाल्याने खोटा ठरत नाही. ते तिथे असायलाच नको होते. तापलेल्या तेलात काळे प्लॅस्टिकचे उलथने टेकवून ठेवण्याऐवजी आपला जुना लाकडी किंवा स्टीलचा उलथना बरा. त्याला खर्चही नाही.

नाक, मीठ आणि पाणी

आपल्याकडे हा माल निवडतो कोण? धारावीसारख्या ठिकाणी प्लॅस्टिक निवडणारी माणसे तुकडा वाजवून पाहतात, वाकवून पाहतात, काडी लावून धुराचा वास घेतात आणि क्षणात सांगतात की हे कोणते प्लॅस्टिक. पाठीशी कुठली पदवी नाही, पण अंदाज क्वचितच चुकतो. दिल्लीतील कारागिरांची आणखी एक युक्ती अभ्यासकांनी नोंदवली आहे. प्लॅस्टिकचे तुकडे मिठाच्या पाण्यात टाकायचे. ब्रोमीन जड असते, त्यामुळे ज्वालारोधक घातलेले तुकडे तळाशी जातात आणि साधे तरंगतात. प्रयोगशाळेत लाखो रुपयांच्या यंत्राने जे कळते, ते इथे बादलीभर पाण्यात कळते! पण बुडालेला तुकडा टाकून देणे त्या माणसाला परवडत नाही. त्याचेही वजन होते आणि वजनाचे पैसे होतात. त्याला कोणी सांगितलेले नाही की हा तुकडा वेगळा काढलास तर त्याचे मोल देऊ. शिवाय तो धूर रोज त्याच्याच छातीत जातो, ते वेगळेच.

आणि शिशाला वास नाही. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ते मिसळले की नाक, डोळे, मीठ-पाणी, काहीच उपयोगी पडत नाही. तिथे कागदच हवा.

तो कागद तयार करण्याचा प्रयत्न युरोपात झाला आहे. तिथल्या कायद्यानुसार अति चिंताजनक ठरवलेल्या रसायनांची एक यादी असते. तिच्यात आता दोनशेहून अधिक नोंदी आहेत. यांपैकी एखादे रसायन वस्तूत वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त असेल, तर ग्राहकाने विचारल्यावर विक्रेत्याने ४५ दिवसांच्या आत, फुकट, उत्तर द्यायचे असते. ५ जानेवारी २०२१ पासून अशा वस्तूंची नोंद फिनलंडमधील हेलसिंकी येथील रसायन संस्थेच्या ‘स्किप’ नावाच्या माहितीकोशात करणे उत्पादकांना बंधनकारक झाले. हेतू असा की वस्तू वापरून झाल्यावर ती फोडणाऱ्यालाही कळावे, आत काय आहे. हेतू उत्तम. पण लाखो नोंदींच्या त्या ढिगातून पाना-हातोडा घेतलेल्या माणसाला नेमके हवे ते सापडत नाही, अशी टीकाही झाली. आता पुढचा टप्पा वस्तूच्या पासपोर्टचा आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांना असा पासपोर्ट लागणार, असे तिथल्या कायद्यात ठरले आहे. बॅटरीवरच्या चौकोनी चिन्हावर मोबाइल धरला की ती कोणी केली, तिच्यात काय आहे, ते दिसावे अशी कल्पना आहे.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असे नाही. घरगुती रंगांत शिसे दर दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ मध्ये झाला आणि वर्षभराने लागू झाला. मोठ्या कंपन्यांनी तो पाळला. छोट्या ब्रँडांच्या डब्यांत नंतरही जास्त शिसे सापडत राहिले. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिसे, पारा आणि ज्वालारोधकांची मर्यादा ई-कचऱ्याच्या नियमांत घातलेली आहे. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही मानक चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला. हे सारे नव्या वस्तूच्या जन्मापाशी थांबते. तीच वस्तू दहा वर्षांनी भंगारात गेली की तिच्याबरोबर कोणतीही माहिती जात नाही.

घरात काय करता येईल?

भांड्यांपासून सुरुवात करावी. हातगाडीवर किलोच्या भावाने मिळणारे, चिन्ह नसलेले, जाड ओतीव ॲल्युमिनियमचे पातेले रोजच्या स्वयंपाकाला घेऊ नये. असेलच, तर चिंच-कोकमाची आमटी, कढी, टोमॅटोचे सार, लोणचे यांना ते वापरू नये आणि शिजलेले अन्न त्यात रात्रभर ठेवू नये. आंबट जितके जास्त आणि वेळ जितका जास्त, तितका धातू अन्नात उतरतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना कथील शुद्धच वापरायला सांगावे. शिसे कथलापेक्षा स्वस्त असते आणि दोन्ही सहज एकजीव होतात, त्यामुळे ओळखीचा कल्हईवाला असणे हीच मोठी खात्री.

रद्दीचेही तसेच. वर्तमानपत्र वाचून झाले की वाण्याकडे आणि तिथून भजी-वड्यांच्या पुड्यात, हा प्रवास आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे वाटत नाही. छपाईच्या शाईतले पदार्थ गरम, तेलकट खाद्याला लागतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केली आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या अन्न प्रयोगशाळेला तर पुनर्वापराच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून शाईतले खनिज तेल आतल्या कोरड्या धान्यापर्यंत पोचलेले आढळले होते! घरी तळण टिपायला वर्तमानपत्राऐवजी जाळीची चाळणी ठेवली तर काम भागते.

पिढीजात पाळणा, लाकडी घोडा, आजोबांच्या वेळचे रंगीत कपाट, या वस्तू टाकवत नाहीत आणि टाकूही नयेत. पण त्यांचा जुना रंग शिशाचा असण्याची शक्यता धरून चालावे. नव्या बाळासाठी पाळणा चकचकीत करायचा म्हणून त्याला घरातच कोरडा पॉलिशपेपर घासणे सर्वांत वाईट. ती धूळ बाळाच्या तोंडात जाते. रंगाचे पोपडे निघत नसतील तर वरून शिसेरहित रंगाचा हात द्यावा. पोपडे निघत असतील तर पाळणा बाळासाठी वापरू नये. मूल भट्टी किंवा बॅटरीच्या दुकानाजवळ राहत असेल, किंवा घरातले कोणी त्या कामावर असेल, तर कामाचे कपडे वेगळे धुवावेत आणि डॉक्टरांना विचारून मुलाच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ती होते.

राहिली इन्व्हर्टरची बॅटरी. ती निकामी झाली की बहुतेक घरांत एक छोटासा सौदा होतो. दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीत जुनीची सूट देतो. २००१ पासूनच्या नियमांत जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची सोय होती, आणि २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी थेट उत्पादकांवर टाकली. दुकानातून ती नोंदणी असलेल्या कारखान्यात जावी, अशी व्यवस्था आहे. पावती मागितली तर ती मिळायला हवी. दारावरचा भंगारवाला मात्र कित्येकदा दुकानापेक्षा दोन पैसे जास्त देऊ करतो आणि पावतीचे नावही काढत नाही. जास्तीचे ते पैसे त्याला कसे परवडतात, हे समजणे अवघड नाही. धुराडे, गाळण्या, आम्ल निकामी करण्याची टाकी, यांचा खर्च त्याच्यापुढच्या भट्टीवाल्याला करावाच लागत नाही. ते आम्ल जमिनीत जिरते आणि धूर शेजारच्या वस्तीत जातो.